दात आहेत तोवर

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास वाईच्या गणपती घाटावर उभे राहिले की एक गंमत हमखास पाहायला मिळते. पुण्या-मुंबईकडच्या गाड्या येतात. माणसे भराभर खाली उतरतात, ढोल्या गणपतीपुढे हात जोडतात, कृष्णेकडे पाठ करून एक फोटो काढतात आणि कोणीतरी 'चला, चला, पाचगणीला ऊन होईल' असे ओरडले की पुन्हा गाडीत बसतात. वीस मिनिटांत वाई 'पाहून' होते. मेणवलीचा नाना फडणिसांचा वाडा राहतो. तिथल्या घाटावरची, वसईच्या मोहिमेनंतर आणली असे सांगतात ती पोर्तुगीज घंटा राहते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ज्या गावात बसून मराठी विश्वकोशाचे काम उभे केले ते विद्येचे गाव राहते. संध्याकाळचा घाट तर राहतोच राहतो.

मी जन्माने वाईकर. नोकरीत बँकेने जिल्हाभर आणि जिल्ह्याबाहेर फिरवले, पण निवृत्त झाल्यावर परत इथेच आलो. त्यामुळे या वीस मिनिटांच्या पाहुण्यांचा मला पूर्वी फार राग यायचा. आता येत नाही. कारण निवृत्त झाल्या वर्षी आम्ही दोघांनीही तेच केले. सहलीच्या कंपनीबरोबर युरोपला गेलो. दहा दिवस, सात देश. पहाटे सामान दाराबाहेर, सातला नाश्ता, आठला बस. राजधानीमागून राजधानी. परत आल्यावर शेजारीपाजारी विचारू लागले, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी यायची ती मार्गदर्शक बाईंच्या हातातली पिवळी छत्री. तिच्यामागून आम्ही युरोपभर चाललो होतो. आमची ही तेव्हा एक वाक्य बोलली, ते मी अजून विसरलेलो नाही. म्हणाली, "अहो, आपण सात देशांचे ढोल्या गणपती पाहून आलो."

तेव्हाच ठरले की पुन्हा जायचे झाले तर एकच देश, तोही लहान. आणि राजधानीत दोन दिवसांच्या वर थांबायचे नाही. कोणता देश, एवढेच ठरायचे होते. ते तिने ठरवले.

ती शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकवीत होती. 'देवः देवौ देवाः' म्हणून घेता घेता तिचा घसा गेला, पण हौस गेली नाही. गेल्या पावसाळ्यात तिने कालनिर्णयच्या जुन्या पानामागे एक यादी केली. डाव्या बाजूला संस्कृत, उजव्या बाजूला लिथुएनियन. सूनुः, मुलगा; तिकडे सूनुस. अग्निः, तिकडे उग्निस. अवि, मेंढी, तिकडे अविस. मधु; तिकडे मेदुस. दन्त, तिकडे दांतिस. देव, तिकडे दिएवास. आणि शेवटी दोन शब्द लाल शाईने लिहिलेले, दोन्ही बाजूंना अगदी सारखे: कदा आणि तदा. 'केव्हा' आणि 'तेव्हा'.

चिरंजीव पुण्याला असतात. फोनवर त्याला बातमी सांगितली तर तो म्हणाला, "आई, लिथुएनिया? तिथे आहे काय पाहायला?"

"तिथे 'कदा' आहे," ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात दिला.

इथे एक खुलासा केला पाहिजे. 'युरोपात एका देशात लोक संस्कृत बोलतात' अशा चमचमीत गोष्टी अधूनमधून कानावर येतात. तसे काही नाही. संस्कृत ही लिथुएनियनची आई नव्हे; दोघी चुलत बहिणी. फार जुन्या एका घरातून निघाल्या, एक इकडे आली, एक बाल्टिक समुद्राकाठी राहिली. फरक इतकाच की त्या दूरच्या बहिणीने आजीच्या पेटीतले दागिने मोडून नवे घडवले नाहीत, जसेच्या तसे वापरले. म्हणून भाषेचे अभ्यासक तिच्याकडे धाव घेतात. १८५२ साली आउगुस्ट श्लायखर नावाचा जर्मन पंडित ही भाषा शिकायला निघाला, तेव्हा तो कुठल्या राजधानीत गेला नाही. प्रशियाच्या ताब्यातल्या लिथुएनियन खेड्यांत गेला, शेतकऱ्यांच्या तोंडून शब्द ऐकले आणि पुढे त्या भाषेचे व्याकरण लिहिले. आमच्या सहलीला याहून चांगला वाटाड्या कोण मिळणार?

देश लहान म्हणजे किती लहान? क्षेत्रफळ सुमारे ६५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याएवढे. माणसे तीस लाखांच्या आतच. आपल्या एकट्या सातारा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीस लाख भरली होती. म्हणजे साताऱ्याएवढी माणसे सहा साताऱ्यांएवढ्या जागेत ऐसपैस राहतात आणि त्यांचा एक देश आहे, झेंडा आहे, भाषा आहे. मी शाळेत असताना आमच्या नकाशाच्या पुस्तकात तो दिसतही नव्हता. सोव्हिएत संघाच्या रंगात बुडून गेला होता. १९८९ च्या २३ ऑगस्टला लिथुएनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया या तिन्ही देशांतली सुमारे वीस लाख माणसे एकमेकांचे हात धरून उभी राहिली. विल्नियसपासून टालिनपर्यंत सहाशे किलोमीटरहून लांब माणसांची साखळी झाली. पुढच्याच वर्षी, ११ मार्च १९९० ला, लिथुएनियाने स्वातंत्र्य जाहीर केले. बँकेतल्या माणसाला देशाचा इतिहास नोटांवरून कळतो. रूबल गेला, १९९३ मध्ये त्यांचा लितास परत आला आणि १ जानेवारी २०१५ पासून युरो.

आता बेत. नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला तेव्हा आधी काहीच सुचेना. मग लक्षात आले की कृष्णेकाठच्या माणसाने परमुलखात नदीचेच बोट धरावे. राजधानी विल्नियस नेरिस नदीवर आहे. ती पश्चिमेला वाहत जाऊन काउनास शहरात नेमुनास या मोठ्या नदीला मिळते. नेमुनास पुढे वाहत वाहत समुद्राआधीच्या एका विस्तीर्ण खाडीत शिरते. म्हणजे संगम माहुलीला कृष्णा-वेण्णा पाहायच्या आणि तिथून पाण्याबरोबर मुखापर्यंत जायचे, तसेच हे. फक्त आपल्या कृष्णेला समुद्रापर्यंत चार राज्ये ओलांडावी लागतात. इथे सगळा प्रवास मिळून वाईहून मुंबईला जाण्यापेक्षा थोडा जास्त.

पहिले दोन दिवस विल्नियसचे. त्यातला अर्धा दिवस त्राकाईला. ते राजधानीपासून जेमतेम तीस किलोमीटरवर, तळ्यातल्या बेटावर बांधलेल्या किल्ल्यासाठी प्रसिद्ध. पण हिची नजर किल्ल्यावर नाही. सहाशे वर्षांपूर्वी व्हीताउतास नावाच्या राजाने क्रिमियाकडून कराइम लोकांची काही कुटुंबे आणून इथे वसवली. त्यांची लाकडी घरे अजून आहेत, रस्त्याकडे तीन-तीन खिडक्या असलेली. आणि त्यांची 'किबिनाइ' म्हणजे थेट आपली करंजीच. मुरड घातलेली, भट्टीत भाजलेली. आत बहुधा मटणाचे सारण असते, त्यामुळे शाकाहारी माणसाने आधी विचारून घ्यावे.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर तो इथेच संपवतो, कारण आपल्याकडे प्रवासाची निम्मी चिंता तीच असते. बटाटा, काळी राय-भाकरी, दही-ताकाचे प्रकार आणि रानातले अळिंबे यांच्यावर तो देश जगतो. उन्हाळ्यात ते बीट घालून एक गार सार करतात, आंबट ताकाचे, रंगाने गुलाबी. बिटाची कोशिंबीर पातळ केली तर जसे होईल तसे. बटाट्याच्या पारीत सारण भरून उकडलेले मोठे गोळेही करतात. त्यात चक्क्यासारख्या पनीरचा प्रकार मिळतो. मात्र वरून डुकराच्या मांसाची फोडणी घालण्याची रीत आहे, तेवढे 'नको' म्हणायला शिकून जावे. हिने ते आधीच पाठ केले आहे.

तिसऱ्या दिवशी काउनास. विल्नियसहून आगगाडीने शंभर किलोमीटर. पहिल्या महायुद्धानंतर विल्नियस पोलंडच्या ताब्यात गेले, तेव्हा वीस वर्षे काउनास हीच देशाची तात्पुरती राजधानी होती. 'तात्पुरती' असूनही लोकांनी ती अशा हौसेने बांधली की त्या काळातल्या इमारतींसाठी २०२३ मध्ये तिचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. नेरिस आणि नेमुनास यांच्या संगमावर जुना किल्ला आहे. तिथे आम्ही एक संध्याकाळ नुसते बसणार आहोत. कार्यक्रम काही नाही.

काउनासला दोन ठिकाणी मात्र जायचेच. एक, ग्रंथवाहकाचा पुतळा. पाठीवर पुस्तकांचे गाठोडे घेतलेला साधा खेडूत. झारच्या सरकारने लिथुएनियन भाषा रोमन लिपीत छापायला बंदी घातली होती. सुमारे चाळीस वर्षे, १९०४ पर्यंत, ती चालली. त्या काळात पुस्तके सरहद्दीपलीकडे प्रशियात छापली जात आणि शेतकरी, मजूर, म्हाताऱ्या बायका ती कपड्यांत, गवताच्या गाडीत लपवून रात्री आणत. पकडले गेले तर तुरुंग किंवा सैबेरिया. आपण मराठी माणसे मराठीची काळजी फार करतो आणि ती करावीही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे आपण आठ कोटींच्या वर आहोत. २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. विश्वकोशाचे वीस खंड आमच्या गावात तयार झाले. पण त्यातला एखादा खंड घरी आणायचा तर पाठीवर चाबूक बसेल, अशी वेळ आपल्यावर आली असती तर किती जण गेले असते? मी गेलो असतो का? या प्रश्नाचे उत्तर मला सोयीचे वाटत नाही. म्हणून त्या पुतळ्यापुढे जाऊन उभे राहायचे आहे.

दुसरे ठिकाण एक साधे घर. १९४० मध्ये तिथे जपानची वकिलात होती आणि चिउने सुगिहारा हा अधिकारी होता. दाराशी ज्यू निर्वासितांची रीघ लागली. जपानमधून पुढे जाण्याचा परवाना मिळाला तर जीव वाचणार होता. वरिष्ठांनी परवानगी नाकारली. सुगिहारांनी हाताने लिहून, सह्या करून दोन हजारांच्या वर परवाने दिले. एकेका परवान्यावर कुटुंबेच्या कुटुंबे निघाली. सुमारे सहा हजार माणसे त्यामुळे वाचली असे मानतात. जे अडकले त्यांचे काय झाले ते गावाबाहेरच्या नवव्या किल्ल्यात कळते. लिथुएनियात दोन लाखांच्या आसपास ज्यू राहत. त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक मारले गेले. पस्तीस वर्षे मीही सह्याच केल्या. नियमात बसते का, एवढे पाहून केल्या. सहीला इतके वजन असू शकते हे मला त्या घराबद्दल वाचताना कळले.

काउनासहून नेमुनासबरोबर पश्चिमेला. नदीच्या मुखाशी तिचे फाटे होतात आणि त्यांच्यामध्ये रुसने नावाचे बेटावरचे छोटे गाव आहे. वसंतात बर्फ वितळले की पूर येतो आणि पूर्वी गावाचा रस्ता पाण्याखाली जायचा. सांगलीकरांना हे समजावून सांगायला नको. या गावात वाढलेला एक मुलगा पुढे दक्षिण आफ्रिकेत वास्तुविशारद झाला. हेरमान कालेनबाख. १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळची अकराशे एकर जमीन त्याने सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी दिली आणि तिथे टॉल्स्टॉय फार्म उभा राहिला. गांधीजींचा हा जिवलग मित्र. २०१५ च्या २ ऑक्टोबरला रुसनेमध्ये नदीकाठी दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला पुतळा बसवण्यात आला. युरोपातल्या मोठ्या राजधान्यांत गांधीजींचे पुतळे आहेत, पण मित्राच्या गावी, मित्राबरोबर उभे असलेले गांधीजी पाहायचे तर रुसनेलाच गेले पाहिजे.

शेवटचे तीन दिवस समुद्राचे. क्लाइपेडा बंदरातून नावेने पलीकडे गेले की वाळूची एक चिंचोळी पट्टी लागते. लांबी अठ्ठ्याण्णव किलोमीटर. त्यातली निम्म्याहून थोडी अधिक लिथुएनियाकडे, उरलेली रशियाकडे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूच्या टेकड्या आणि पाइनचे रान. नीडा या गावी जर्मन लेखक टोमास मान यांचे उन्हाळी घर आहे. तिथे ते १९३० पासून तीन उन्हाळे राहिले. नंतर हिटलर आला आणि ते परत जाऊ शकले नाहीत. जूनमध्ये तिथे रात्री दहाच्या सुमारास सूर्य मावळतो. २४ जूनला देशभर सुट्टी असते. आदल्या रात्री शेकोट्या पेटवून लोक जागतात. त्या सणाचे जुने नाव 'रासोस', रस म्हणजे दव यावरून. यादीत अजून एक शब्द वाढला.

हा झाला नऊ-दहा दिवसांचा बेत. जाणाऱ्यांसाठी दोन-चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कारण सवय जात नाही. मुंबईहून थेट विमान नाही. वाटेत बदलावे लागते, तेव्हा मध्ये तीन-चार तास हाताशी ठेवावेत. शेंगेन व्हिसा लागतो. ज्या देशात जास्त मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज. प्रवासाआधी सहा महिने अर्ज करता येतो; शेवटच्या पंधरवड्यावर तर मुळीच ठेवू नये. मोठ्यांसाठी शुल्क नव्वद युरो आणि आजारपणाचा विमा किमान तीस हजार युरोंचा. विमा घेताना आधीपासूनच्या आजारांचे कलम चष्मा लावून वाचावे. मधुमेह, रक्तदाब लपवू नये.

आणि आता मुख्य गोष्ट. हा बेत कागदावर तयार झाला त्याच आठवड्यात हिच्या गुडघ्यांचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, आज ना उद्या शस्त्रक्रिया करावी लागेल. चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, आधी आईचे गुडघे. लिथुएनिया कुठे पळून जातोय?" मुलगा चुकीचे काय बोलत होता? ठेव एक आणि मागण्या दोन. आयुष्यभर मी ग्राहकांना हेच सांगत आलो की ठेव मुदतीआधी मोडू नका, व्याजाला कात्री लागते.

त्या रात्री मला सांगली जिल्ह्यातल्या एका शाखेतले एक शेतकरी आजोबा आठवले. दर वर्षी दिवाळीनंतर ते यायचे. ठेवीची पावती धोतराच्या कनवटीतून काढायचे आणि म्हणायचे, "सायेब, काशीला जायचंय. पण औंदा ऱ्हाऊ द्या, हिरीचं काम निघालंय. फिरवून टाका." पुढच्या वर्षी नातीचे लग्न. त्याच्या पुढच्या वर्षी ट्रॅक्टर. मी कौतुकाने पावती फिरवून द्यायचो. शाखेच्या ठेवी वाढत होत्या ना. सहाव्या वर्षी त्यांचा मुलगा आला. हातात पावती आणि मृत्यूचा दाखला. वारसाचा अर्ज मीच भरून दिला. रक्कम व्याजासह पैपर्यंत बरोबर होती.

आजोबांना एकदा तरी 'जाऊन या हो' म्हणायला मला काय झाले होते?

सकाळी हिला हे सांगितले. ती काही बोलली नाही. कालनिर्णयचे पान उलटून तिने एक लिथुएनियन म्हण वाचून दाखवली. 'दिएवास दावे दांतिस, दुओस इर दुओनोस.' देवाने दात दिले, तो भाकरीही देईल. मग मास्तरीण जागी झाली. "बघा, दावे म्हणजे दिले, आपला दा धातू. आणि या दुओनाचं नातं संस्कृतातल्या 'धाना' शब्दाशी जोडतात. धाना म्हणजे भाजलेलं धान्य. फुटाणेच म्हणा ना."

मी हसलो. त्यांच्या म्हणीत देव दातांबरोबर भाकरी देतो. आपल्या म्हणीत दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. आमच्या पिढीचे सगळे आयुष्य या म्हणीत बसते. तरुणपणी घराचे हप्ते, मुलाचे शिक्षण, आईवडिलांची आजारपणे. आता निवृत्तिवेतन येते तर गुडघे बोलतात. पण म्हणीत एक मधला काळ सांगायचा राहून गेला आहे. थोडे चणे आले आहेत आणि थोडे दात शिल्लक आहेत, असाही काळ असतो. तो फार लांबत नाही, आणि ठेवीसारखा फिरवून घेता येत नाही.

डॉक्टरांना पुन्हा भेटलो. सरळ विचारले. ते म्हणाले, "घाई नाही. व्यायाम करा, वजन उतरवा, फार चढउतार करू नका. जूनमध्ये जाऊन या, दिवाळीनंतर बघू." चिरंजीवांनाही सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मी तिकिटं बघतो. आणि आई, दिवसाला एकच गाव. मला कबूल कर." बेतातला एक मुक्काम त्याने कापला, तो बरोबरच कापला.

ठेव मोडली. काउंटरवरचा मुलगा अदबीने म्हणाला, "काका, मुदतीला सातच महिने आहेत. व्याजाचं नुकसान होईल." मी म्हटले, "होऊ दे. सही कुठे करू?"

आता रोज संध्याकाळी आम्ही घाटावर जातो. फार चढउतार नको, म्हणून दहाच पायऱ्या. ती काठाला धरून हळूहळू उतरते, तशीच वर येते आणि प्रत्येक पायरीला एक आकडा म्हणते: व्येनास, दू, त्रीस, केतुरी, पेंकी, शेशी, सेप्तीनी, अश्तुओनी, देवीनी, देशिम्त. परवा पाचगणीकडे निघालेल्या एका गाडीतली मंडळी फोटो काढता काढता थांबून ऐकू लागली. एका बाईंनी विचारले, "आजी, हे कुठलं स्तोत्र?"

हिने त्यांना पायरीवर बसवून घेतले आणि अर्धा तास सगळे समजावून सांगितले. त्यांना पाचगणीला उशीर झाला असणार.